उबेचें माप

धान्य मापावयाला पायली, कापड मोजावयाला वार, सोनें जोखावयाला तोळा अशीं मापें माणसानें फार पूर्वींच ठरविलीं. घेणारा आणि देणारा ह्यांच्यामध्यें माप आलें म्हणजे शब्दानें शब्द वाढत नाहीं, आणि अजाण गिऱ्हाइकाचीहि सहसा फसवणूक होत नाहीं. परंतु ऊब कशानें मापावी? घोंगडी विकत घेतांना ती हाताला जाड लागते, दुकानदार ती चांगली ऊबदार असल्याची ग्वाही देतो, आणि त्या ग्वाहीची परीक्षा पौषांतल्या एखाद्या पहाटेसच होते. घोंगडीच्या बाबतींत चूक झाली तर एका रात्रीची झोप जाते. ज्या मुलखांत चार-पांच महिने बर्फ हटत नाहीं, तेथें मात्र हीच चूक भिंतींत झाली तर प्रत्येक हिवाळ्यांत इंधनाच्या बिलावाटे ती व्याजासह वसूल होत राहते. अशा मुलखांतील लोकांनीं उबेचें माप कसें शोधून काढलें, तें बाजारांत कसें आलें, आणि त्या मापाच्या आडूनहि फसगत कशी होऊं शकते, ही कथा मोठी बोधप्रद आहे. ती नीट समजावयाची तर तेथील एका अगदीं साध्या वास्तूकडे पाहावें. ती वास्तु म्हणजे मोटारखाना.

मुंबई-पुण्याकडे मोटारखाना म्हणजे उन्हापावसापासून गाडीला आडोसा. चार खांब आणि वर पत्रा असला तरी काम भागतें. कॅनडांतील विनिपेग, अमेरिकेंतील मिनेसोटा, किंवा अलास्कांतील फेअरबँक्स ह्या बाजूस तसें नाहीं. तेथें कडाक्याच्या दिवसांत पारा शून्याखालीं ४० अंशांपर्यंतहि उतरतो. आणि गंमत अशी कीं, ह्याच बिंदूला सेंटिग्रेड व फॅरनहाइट ह्या दोन्ही मोजण्या एकत्र येतात, म्हणून उणे ४० म्हटल्यावर कोणते अंश असें विचारावें लागत नाहीं. अशा थंडींत एंजिनांतील तेल काकवीसारखें घट्ट होतें. बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावून तिचा जोर ओसरतो. आणि नेमका त्याच वेळीं घट्ट तेलांतून एंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. सकाळीं गाडी चालूं झाली नाहीं तर कामाचा खाडा होतो. आडरस्त्यावर बंद पडली तर जिवावर बेततें.

मोटार नवी होती त्या काळीं, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत, ह्यावर नाना उपाय चालत. रात्रीं रेडिएटरमधील पाणी काढून टाकावें, बॅटरी उचलून घरांत आणावी, तेल काढून तें चुलीपाशीं ठेवावें आणि सकाळीं कोमट करून पुन्हां ओतावें, असे ते प्रकार होते. पुढें पाण्यांत मिसळावयाचीं न गोठणारीं द्रव्यें निघालीं आणि रेडिएटरची काळजी कमी झाली. नॉर्थ डाकोटा राज्यांतील ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन ह्यानें एंजिनाच्या बोल्टाच्या जागीं बसणारी विजेची छोटी शेगडी तयार केली. तिचें पेटंट त्याला १९४९ सालीं मिळालें. परंतु सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गाडीच उबेंत ठेवणें.

घोड्याच्या तबेल्याची जागा मोटारखान्यानें घेतली, तेव्हां त्याला तबेल्यासारखींच दोन फळ्यांचीं, बाहेर उघडणारीं दारें असत. दारापुढें रात्रीं बर्फ साचला कीं पहाटे आधीं हातांत फावडें घ्यावें लागे. १९२१ सालीं सी. जी. जॉन्सन ह्या अमेरिकन गृहस्थानें आडव्या पट्ट्यांचें, रुळांवरून वर सरकून छताखालीं निजणारें दार काढलें, आणि १९२६ सालीं तें विजेनें उघडण्याची सोय केली. दार वर जाऊं लागल्यानें बर्फाचा अडथळा संपला. पण ह्या सोयीबरोबर एक गैरसोयहि आली. जवळजवळ भिंतीएवढें रुंद, पातळ पत्र्याचें किंवा लाकडाचें, जागोजाग सांधे असलेलें एक भगदाडच जणूं वास्तूला पडलें. मोटारखाना तापवावयाचा म्हणजे प्रथम हें भगदाड झांकावयाचें. आणि कशानें झांकावयाचें व किती, हें ठरवावयास उबेचें माप हवें.

तें माप मोटारीसाठीं जन्मास आलेलें नाहीं. त्याचा वंश फार जुना आहे. गोधडी ऊबदार असते असें आपण बोलण्याच्या ओघांत म्हणतों, पण गोधडींत ऊब नसते. ऊब असते ती पांघरणाराच्या अंगांत. गोधडी तिला बाहेर पडूं देत नाहीं, इतकेंच. ही गोष्ट ज्यानें प्रयोगानें ठसविली तो बेंजामिन टॉमसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, होय. हा जन्मानें अमेरिकन. १७५३ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें जन्मला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रजांच्या बाजूस राहिला, आणि पुढें जर्मनींतील बव्हेरियाच्या राजदरबारीं चाकरीस लागला. सैनिकांना स्वस्त आणि ऊबदार कपडा कोणता द्यावा, असा व्यावहारिक प्रश्न त्याच्यापुढें होता. त्यानें कांचेच्या फुग्यांत उष्णतामापक ठेवून त्याच्याभोंवतीं कधीं रेशीम, कधीं लोकर, कधीं कापूस, तर कधीं पक्ष्याचें मऊ पीस भरलें. तें उपकरण उकळत्या पाण्यांत तापवून मग बर्फांत बुडवावें, आणि पारा ठराविक अंश उतरण्यास किती सेकंद लागतात तें घड्याळावर पाहावें, अशी त्याची रीत होती. त्याच्या ध्यानांत आलें कीं, ऊब राखण्याचें काम तंतूपेक्षां तंतूंच्या मध्यें अडकून स्थिर राहिलेली हवाच अधिक करते. उष्णतेवरील ह्या निबंधांसाठीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७९२ सालीं त्याला कोप्ले पदक दिलें. आज भिंतींत भरावयाचीं जेवढीं म्हणून द्रव्यें आहेत, त्यांतील बहुतेक ह्याच एका तत्त्वाचे अवतार आहेत: हवा पकडा आणि तिला हलूं देऊं नका.

रम्फर्डनें तत्त्व दिलें; त्याला गणिताचा आधार दिला तो जोसेफ फूरिये ह्या फ्रेंच गणितज्ञानें. शिंप्याच्या घरीं जन्मलेला आणि लहानपणींच पोरका झालेला हा मुलगा पुढें नेपोलियनबरोबर १७९८ सालीं इजिप्तच्या स्वारीवर गेला, आणि परत आल्यावर ग्रनोबल येथें जिल्ह्याचा मुख्य अधिकारी झाला. सरकारी कामाच्या धबडग्यांत त्यानें उष्णतेच्या प्रवाहाचा अभ्यास चालविला. १८०७ सालीं त्यानें आपला पहिला निबंध पॅरिसच्या विद्वत्परिषदेपुढें ठेवला, तेव्हां लाग्रांज आणि लाप्लास ह्यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञांनीं त्यावर आक्षेप घेतले. तथापि फूरियेनें धीर सोडला नाहीं, आणि १८२२ सालीं त्याचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील सिद्धान्ताचा व्यवहारापुरता सारांश एका वाक्यांत येतो. भिंतींतून किती उष्णता जाईल हें चार गोष्टींवर अवलंबून आहे: भिंतीचें क्षेत्रफळ, आंतबाहेरच्या तपमानांतील अंतर, भिंतीची जाडी, आणि ती ज्या द्रव्याची आहे त्याचा स्वभाव. पहिल्या दोहोंबरोबर उष्णतेची गळती वाढते, जाडीबरोबर ती घटते, आणि चौथी गोष्ट प्रयोगशाळेंत मोजून काढावी लागते.

गणित कागदावर राहिलें तरी व्यवहार थांबत नाहीं. फूरियेच्या हयातींतच बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें हेंच तत्त्व उलट्या बाजूनें राबविलें होतें. उष्णता बाहेर जाऊं न देणारी भिंत उष्णता आंतहि येऊं देत नाहीं. न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून तो उष्ण देशांत विकावा, हें वेड त्यानें १८०६ सालीं मार्टिनिक बेटाला पहिलें जहाज पाठवून आरंभिलें. लोक हंसले, तो कर्जांत बुडाला, तुरुंगांतहि जाऊन आला. पण हळूहळू त्याला मर्म सांपडलें, आणि तें होतें लांकडाचा भुस्सा. लांकूड कापण्याच्या गिरण्यांतून फुकट पडणारा भुस्सा बर्फाच्या लाद्यांभोंवतीं दडपून भरला कीं त्यांत अडकलेली हवा उन्हाला थोपवून धरते. १८३३ सालीं त्यानें सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांचा, विषुववृत्त दोनदां ओलांडणारा तो प्रवास. तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोंचला. पुढच्याच सालीं, १८३४ मध्यें, अमेरिकन बर्फ मुंबईसहि येऊं लागला. मद्रासेस १८४२ सालीं त्यासाठीं बांधलेलें बर्फघर तर आजहि उभें असून विवेकानंदांच्या नांवानें ओळखलें जातें. मुंबईच्या उकाड्यांत बोस्टनचा बर्फ टिकविणारा भुस्सा आणि विनिपेगच्या थंडींत मोटारखान्याची ऊब टिकविणारें दार हीं एकाच घराण्यांतलीं होत.

भुस्सा कुजतो, दमट होतो, त्यांत उंदीर बिळें करतात, आणि आग लागली तर तो पेट घेतो. म्हणून पुढच्या शंभर वर्षांत त्याच्याहून चांगलें द्रव्य शोधण्याची जणूं शर्यतच लागली. शीतगृहांच्या भिंतींना बुचाच्या लांकडाचे तक्ते बसूं लागले. भट्टीतील मळी किंवा दगड वितळवून, वाफेच्या फवाऱ्यानें त्याचे धागे करून दगडी लोकर निघूं लागली. १९३२ सालीं ओवेन्स-इलिनॉय ह्या अमेरिकन कारखान्यांत डेल क्लाइस्ट नांवाच्या तरुण संशोधकाच्या हातून वितळलेल्या कांचेचे बारीक धागे जवळजवळ अपघातानेंच पडले, आणि त्यांतून कांचेची लोकर जन्मास आली. १९३७ सालीं जर्मनींत ओटो बायर ह्यानें पॉलीयुरेथेन नांवाचें द्रव्य शोधलें. त्याचा फेस करून तो फुगवितां येतो. हीं सर्व नवीं द्रव्यें बाजारांत शेजारीं शेजारीं आलीं, तेव्हां जुनाच प्रश्न नव्यानें उभा राहिला. ह्यांतलें अधिक ऊबदार कोणतें, आणि किती पटीनें?

ह्याचें उत्तर शोधण्याचें यंत्र वॉशिंग्टन येथील सरकारी मानक-संस्थेंत १९१२ च्या सुमारास होबार्ट डिकिन्सन ह्यानें तयार केलें. कल्पना सोपी आहे. मधोमध एक विजेनें तापणारी तबकडी, तिच्या दोन्ही अंगांना तपासावयाच्या द्रव्याचे सारख्या जाडीचे तुकडे, आणि त्यांच्या बाहेर थंड तबकड्या. तबकडी एकाच तपमानावर राखण्यास जेवढी वीज लागेल, तेवढीच उष्णता त्या तुकड्यांतून पार जात असली पाहिजे. अडचण एकच कीं, कडेकडेनें कांहीं उष्णता निसटते आणि हिशेब चुकतो. म्हणून मुख्य तबकडीभोंवतीं तितकेंच तापलेलें एक कडें ठेवीत. शेजारी तितकाच उष्ण असला म्हणजे उष्णतेला कडेनें जाण्याचें कारणच उरत नाहीं. ह्या पहारेकऱ्यामुळें मोजणी विश्वासार्ह झाली, आणि १९४५ सालीं ह्या रीतीला अमेरिकेंत अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली.

परंतु यंत्रांतून निघणारा आकडा उष्णता किती जाते हें सांगणारा होता. तो जितका लहान तितकें द्रव्य चांगलें. हें सामान्य गिऱ्हाइकाच्या गळीं उतरणें कठीण. जास्त पैसे द्यावयाचे आणि लहान आकडा घ्यावयाचा, ही उलटी रीत वाटे. शिवाय भिंतींत एकाखालीं एक असे अनेक थर असतात, आणि त्यांचे हे आकडे सरळ बेरजेंत मिळविंतां येत नाहींत. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांतील एव्हरेट शूमन ह्यानें १९४५ सालीं सुचविलें कीं, तोच आकडा उलटा करावा. उष्णता किती जाते असें न विचारतां, भिंत तिला किती अडवते असें विचारावें. ह्या मापाचें श्रेय त्याला दिलें जातें. रोध ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला 'आर' असें नांव पडलें. ह्या उलटापालटींत दोन्ही अडचणी सुटल्या. मोठा आकडा म्हणजे अधिक ऊब. आणि थरांचे आकडे नुसते मिळवावे, कीं भिंतीचा आकडा निघतो.

ह्या मापाचा अर्थ एका उदाहरणानें स्पष्ट होईल. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनें तापविण्यास जेवढी उष्णता लागते तिला उष्णतेचें एक एकक म्हणतात. आर-१ ह्या भिंतीच्या एका चौरस फुटांतून, आंतबाहेर एका अंशाचें अंतर असतांना, दर तासास असें एक एकक निघून जातें. आर-२ असेल तर अर्धें, आर-१० असेल तर एकदशांश. सामान्यतः एक इंच जाडीस काँक्रीटचा आकडा सुमारे एकदशांश, विटेचा एकपंचमांश, हलक्या लांकडाचा सव्वा, कांचेच्या लोकरीचा तीन ते साडेतीन, फुगविलेल्या पॉलीस्टायरीनचा चार, आणि पॉलीयुरेथेनच्या फेसाचा सहाच्या आसपास असतो. म्हणजे एक इंच फेसाचें काम काँक्रीटनें करावयाचें तर पांच फूट जाडीची भिंत हवी. किल्ल्याच्या तटाला तोफ भीत असेल. थंडी भीत नाहीं. कॅनडांत व युरोपांत हेंच माप दशमान पद्धतींत वापरतात आणि त्याचा आकडा सुमारे पावणेसहा पट लहान असतो. तेव्हां निरनिराळ्या देशांतील आकडे शेजारीं ठेवतांना माप कोणतें हें आधीं पाहावें लागतें.

पहिलीं तीसएक वर्षें ह्या आकड्याकडे सामान्य लोकांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं, कारण तेल स्वस्त होतें. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब देशांनीं तेलाची कोंडी केली, आणि थोड्याच महिन्यांत त्याचा भाव जवळजवळ चौपट झाला. उत्तरेकडील घराघरांत एकच प्रश्न निघाला: ऊब कोठून गळते? उष्णतारोधक मालाला एकाएकीं अफाट मागणी आली, आणि मागणीच्या पाठोपाठ थापाहि आल्या. कोणी जाडीवर माल विकी, कोणी वजनावर, कोणी केवळ चमकदार शब्दांवर. अखेर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें १९७९ सालीं नियम केला कीं, घरासाठीं विकल्या जाणाऱ्या उष्णतारोधक मालावर आर-आकडा छापलाच पाहिजे, आणि तो ठरीव रीतीनेंच मोजलेला असला पाहिजे. पायलीवर जसा सरकारी शिक्का, तसा हा उबेवरचा शिक्का झाला. कॅनडांतील रिजायना शहरीं १९७७ सालींच एक प्रायोगिक घर बांधण्यांत आलें होतें. त्याच्या भिंती सुमारे आर-४० आणि छप्पर सुमारे आर-६० होतें, आणि त्यांतील फटी इतक्या काळजीनें बुजविल्या होत्या कीं, त्याला नेहमींच्या घरासारखी भट्टी लागलीच नाहीं. थंडीशीं झगडावयाचें तें इंधनानें नव्हे, तर बंदोबस्तानें, हें त्या घरानें दाखवून दिलें.

येथें कथा संपली असती तर ती सुखान्त झाली असती. परंतु माप खरें असलें तरी कोणत्या जागेचें माप घेतलें आहे, हा प्रश्न राहतोच. आणि मोटारखान्याच्या दाराशीं तो ठळकपणें उभा राहतो. दारावर छापलेला आकडा पुष्कळदां त्या दाराच्या पट्टीच्या मधल्या भागाचा असतो, जेथें फेस अखंड भरलेला असतो. कडेची धातूची चौकट, दोन पट्ट्यांमधील सांधे, कांचेचीं तावदानें आणि चारी बाजूंच्या फटी ह्यांचा त्यांत हिशेब नसतो. संपूर्ण दार चौकटीसह मोठ्या पेटीसारख्या यंत्रांत बसवून मोजलें, तर आकडा पुष्कळ खालीं येतो. दुकानदार खोटें बोलत नाहीं; तो खऱ्यापैकीं सोयीचें तेवढें बोलतो.

कमकुवत जागा साऱ्या भिंतीला कशी बुडवते, हें पाटीवर मांडून पाहण्यासारखें आहे. एक मोटारखाना २४ फूट लांब, २४ फूट रुंद, ८ फूट उंच आहे असें धरावें. चार भिंतींचें क्षेत्रफळ ७६८ चौरस फूट. त्यांतील १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच दाराचे ११२ वजा जातां ६५६ उरतात. भिंती आर-२० च्या आहेत. आंत ५० अंश फॅरनहाइट राखावयाचे आणि बाहेर शून्याखालीं २० अंश आहेत, म्हणजे अंतर ७० अंशांचें. भिंतींतून तासाला जाणारी उष्णता सुमारे २,३०० एककें. आतां दार नुसत्या पत्र्याचें, आर-१ असेल, तर एकट्या दारांतून जाणारी उष्णता ७,८४० एककें. दार क्षेत्रफळाच्या सातव्या हिश्श्याचें, आणि गळती तीन-चतुर्थांशाहून अधिक! तेंच दार सबंध मोजून आर-८ चें बसविलें तर गळती ९८० वर येते. म्हणजे ६,८६० एककांची बचत. आतां दुकानदार म्हणतो, आर-१६ चें घ्या, दुप्पट ऊब मिळेल. गळती ४९० होते. ह्या दुसऱ्या पायरीची बचत अवघी ४९० एककें. पहिल्या पायरीवर घबाड, दुसऱ्या पायरीवर चिल्लर. भुकेल्याला पहिली भाकरी जेवढी लागते तेवढी चौथी लागत नाहीं, तसाच हा न्याय आहे.

ह्याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. आर-आकडा वाऱ्याविषयीं कांहींच सांगत नाहीं. ह्याच मोटारखान्यांत सुमारे ४,६०० घनफूट हवा मावते. दाराच्या फटींतून तासाभरांत ती सगळी एकदां बदलली, तर नव्या थंड हवेला तापविण्यास सुमारे ५,८०० एककें लागतात. म्हणजे भिंती आणि आर-८ चें दार ह्या दोहोंच्या मिळून होणाऱ्या गळतीहून कितीतरी जास्त. दाराखालची रबराची पट्टी फाटलेली असतां महागडें दार घेणें म्हणजे बुडाला भोंक असलेल्या घागरीला चांदीचें झांकण करण्यासारखें आहे. भिंतीचीहि तीच गत. दोन लांकडी खांबांमध्यें आर-१३ ची लोकर भरली तरी खांबांचा आकडा चार-साडेचारच असतो. खांब चतुर्थांश जागा व्यापीत असतील तर भिंतीचा सरासरी आकडा नवाच्याहि आंत येतो. लोकर जागा कमी म्हणून दडपून बसविली, तर तींतील हवा निघून जाते आणि बंडलावरचा आकडा बंडलावरच राहतो. शिवाय हे आकडे ७५ अंशांच्या सरासरी तपमानावर मोजलेले असतात. कडक थंडींत कांहीं द्रव्यें अधिक चांगलीं वागतात, तर कांहीं फेस आपल्या आकड्याला जागत नाहींत.

आणि आकडा माणसाच्या जिवाविषयींहि मुका असतो. माँटाना राज्यांतील लिबी येथील खाणींतून निघणारें व्हर्मिक्युलाइट नांवाचें हलकें खनिज लक्षावधि घरांच्या माळ्यांवर ऊब राखण्यासाठीं पसरलें गेलें. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. खाण १९९० सालीं बंद झाली. त्या गांवांतील कितीतरी लोक फुप्फुसाच्या रोगांनीं गेले, आणि २००९ सालीं सरकारला तेथें सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. कॅनडांत तेलाच्या टंचाईच्या वर्षांत भिंतींत भरलेल्या एका फेसांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते असें आढळल्यावर १९८० सालीं त्यावर बंदी आली. ऊब राखण्याचा आकडा दोन्हींना होता. विषाचा आकडा मात्र कोणी छापला नव्हता. मोटारखान्यांत तर धोका दाराशींच उभा असतो. एंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो झोपेंतच माणसाला घेऊन जातो. फटी जितक्या चांगल्या बुजविल्या तितका तो आंत कोंडतो. म्हणून घर आणि मोटारखाना ह्यांमधील भिंत व दार पूर्ण हवाबंद हवें, फेसाच्या तक्त्यांवर आगीस दाद न देणारें आच्छादन हवें, आणि बंद मोटारखान्यांत एंजिन क्षणभरहि चालूं ठेवूं नये, हे नियम आर-आकड्याच्याहि आधीं पाळावयाचे आहेत. अति ऊबहि हितावह नाहीं. रस्त्यावर बर्फ वितळविण्यासाठीं टाकलेलें मीठ गाडीला चिकटून येतें, आणि उबेंत तें ओलें राहून लोखंड अधिक वेगानें खातें. गोठणबिंदूच्या थोडें वर तपमान राखलें तरी एंजिनाचें काम भागतें.

रम्फर्डच्या कांचेच्या फुग्यापासून मोटारखान्याच्या दारावरील आकड्यापर्यंत दोनशेंहून अधिक वर्षांचा हा प्रवास आहे. ह्या काळांत उबेसारखी केवळ अंगाला कळणारी गोष्ट माणसानें आकड्यांत बसविली, आणि त्यामुळें गरीब गिऱ्हाइकालाहि दुकानदाराशीं बरोबरीनें बोलतां आलें, हा लाभ लहान नव्हे. परंतु माप हें साधन आहे. तें विवेकाची जागा घेत नाहीं. आकडा पाहावा, आणि तो पाहतांना तीन प्रश्न विचारावे: हा सबंध वस्तूचा कीं तिच्या उत्तम भागाचा? फटींचें काय? आणि ह्या द्रव्यानें घरांतील माणसांना अपाय तर नाहीं? पायलीवर सरकारी शिक्का असला तरी आमच्या आजीबाई धान्य मापून घेतांना दुकानदाराच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवीत. थंड मुलखांतील सुजाण गृहस्थ दाराची खरेदी करतांना हेंच करतो.